बोटवाल्या अण्णांची तिथी

बोटवाले अण्णा समुद्राला कधी भ्याले नाहीत, पण बैलाला भ्यायचे. पळसदेवच्या रस्त्यात बैलगाडी समोरून आली की हा सात समुद्र हिंडलेला गडी सरळ बांधावर चढायचा. आम्ही हसलो की म्हणायचे, "हसा लेकांनो! लाट निदान लांबून दिसती. ह्याच्या मनात काय हाय, कुणाला ठावं?"

माझे हे थोरले चुलतभाऊ मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. सुटी संपली की काकू, म्हणजे त्यांची आई, डबाभर कारळाची चटणी करून द्यायची. "परदेशी पोरं घाम पुसत खात्यात, पण पुन्यांदा मागत्यात," हे सांगताना अण्णांची छाती फुगायची. घरी असले की काकूला चुलीपुढून उठवून स्वतः भाकऱ्या थापायचे. शेजारणी तोंडाला पदर लावायच्या. ह्यांना फिकीर नसायची.

शेवटच्या फोनवर मात्र आवाज उतरला होता. "तिकडं लढाई पेटलीया, आन् आमाला तितनंच न्ह्यायला लागल्यात. जाता का म्हून कुणी इचारलं न्हाय." त्यानंतर फोन लागेना. पंधरा दिवसांनी कंपनीनं कळवलं, जहाज बुडालं, माणसं बेपत्ता. बेपत्ता? अहो, अण्णा काय जत्रेत हरवले होते? ज्याचं कुणाशी वैर नाही त्याला आगीत ढकलायचं आणि वर असले गुळगुळीत शब्द वापरायचे! कधी बुडालं विचारलं, तर म्हणे माहिती गोपनीय आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पितृपंधरवडा आला. गुरुजी म्हणाले, तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावस्येला पान वाढा. काकू उसळलीच. "ज्येंचा दिस कुणालाच ठावं न्हाय, त्येंच्यात माझ्या लेकाला बसवू व्हय? ह्येचा दिस ठावं असणारी माणसं जित्ती हायत!" तिनं पान वाढलं नाही.

गेल्या महिन्यात कंपनीचा साहेब कागद घेऊन घरी आला. आमची काही तक्रार नाही, असं लिहून द्यायचं होतं. मी वाचून दाखवलं. मृत्यूच्या तारखेची जागा कोरी होती.

"जन्माचा दिस मी सांगते," काकू म्हणाली. "मेल्याचा तुमी लिवा. मग सही करते."

साहेब घड्याळाकडे बघत म्हणाला, "मावशी, तेवढं सोडून बोला."

काकूनं त्याच्यापुढचा चहाचा भरला कप उचलला.

"मग उठा," म्हणाली.