आत्याचं बेट

आमच्या घरात पायताणांचा एकच धड जोड होता. ज्याला गावाबाहेर काम असेल त्यानं तो घालायचा, बाकीच्यांनी अनवाणी. धायरी तेव्हा गाव होतं. पुणं अजून आमच्यापर्यंत पोचायचं होतं. वडील वीटभट्टीवर जायचे, आई लोकांच्या रानात खुरपायला. आणि आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, लग्नाला वर्ष व्हायच्या आत सासरहून परत आलेली. नवऱ्यानं दुसरी केली. लग्न ठरवताना तिला कुणी विचारलं नव्हतं, परत आणतानाही नाही. तो पायताणांचा जोड तिच्या पायात मी कधी पाहिला नाही, कारण तिला गावाबाहेर कुणी पाठवायचंच नाही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे मी कुणी न विचारता सांगतो. आज वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवतो, आणि मला कानाला धरून शाळेत नेऊन बसवणारी आत्याच. पण ती अडाणी होती हे मात्र मी मान्य करणार नाही, कारण ती स्वतःच ते फार वेळा सांगायची. "मला काय कळतंय बाबा, मी आपली अडाणी," हे वाक्य कानावर आलं की समोरच्यानं जपून राहावं. आमचा फ्लॅट घेताना बिल्डर नकाशा दाखवत होता. आत्यानं आधी अडाणीपणाचं वाक्य टाकलं आणि मग विचारलं की ह्या घरात देव कुठं बसणार, आणि सून रुसली तर ती कुठं बसणार. बिल्डरनं उत्तर शोधता शोधता एक बाल्कनी वाढवून दिली.

हे डावपेच ती शिकली ग्रामपंचायतीत. गाव शहरात जायच्या आधी एकदा महिला राखीव जागेसाठी कुणीतरी बाई हवी होती. आत्याला उभं केलं, ती निवडून आली. सरपंच निवडायच्या आधी सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला नेऊन लपवायची पद्धत असते. आत्यालाही एका पहाटे जीपमध्ये बसवून महाबळेश्वरला नेलं. चार दिवस लॉजवर ठेवलं, खायला घातलं, आणि थेट मतदानाच्या खोलीत आणून सोडलं. कुठं नेताय, हे तिला तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं. "महाबळेश्वर मी खिडकीतनं बघितलं," ती सांगायची. "धुकं व्हतं. धायरी असती तरी कळलं नसतं."

माझी नोकरी पक्की झाल्यावर मी सगळ्यांना अंदमानला नेलं. आई-वडील तोवर राहिले नव्हते; सगळे म्हणजे मी, माझी बायको मीनल, तिचे वडील अण्णा आणि आत्या. अण्णा शनिवार पेठेतले, बँकेतून निवृत्त झालेले, आणि कौतुक करायची वेळ आली की खोकला येणारे. हॅवलॉक बेटावर आत्यानं सत्तरीत पहिल्यांदा समुद्रात पाय घातला. पाण्यात उभी राहून तिनं ओंजळीतलं पाणी जिभेला लावून पाहिलं. मग म्हणाली, "एवढं पाणी आन् एका पिकाला कामाचं न्हाई."

दोन वर्षांनी पुन्हा जायचं ठरलं. घाई एवढ्यासाठी की आत्याच्या हृदयाचं काही खरं नव्हतं. फिरवायचं असेल तर यंदाच फिरवा, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणून मी तेच हॅवलॉक, तेच हॉटेल, त्याच खोल्या घेतल्या. तिथला जिना माहीत होता, दवाखाना माहीत होता. आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आत्या म्हणाली, "मला काय कळतंय बाबा, पण पल्याड अजून एक बेट हाय म्हणं."

अर्थात नील बेट. बोटीनं तासाभराचा रस्ता. हॉटेलातल्या पोऱ्याला तिनं तिच्या हिंदीत सगळं विचारून ठेवलं होतं: तिथं राहायला काय, बोट किती वाजता. मी साफ नाही म्हणालो. नवी जागा, दवाखान्याचा पत्ता नाही, बोट हलणार. अण्णांनी मला पाठिंबा दिला. "हा समुद्र निदान कुठे आहे ते ठाऊक आहे," ते म्हणाले. मीनल वर्तमानपत्र वाचत राहिली. आत्या ऐकेना, तेव्हा मी शिकलेल्या माणसाचा मार्ग काढला. म्हणालो, उद्या संध्याकाळी चहाच्या वेळी मतदान घेऊ. बरोबरी झाली तर हॅवलॉकच. म्हणजे आत्याला माझ्याशिवाय उरलेले सगळे लागणार होते, आणि अण्णा तर माझ्या खिशात होते.

सकाळी उठलो तर खोल्या रिकाम्या. मीनल नाही, अण्णा नाहीत, आत्या नाही. फोन लागेना, तिथं रेंज तशी लाजतच येते. काउंटरवरच्या माणसानं सांगितलं की माताजी सगळ्यांना रिक्षात घालून घेऊन गेल्या, आणि तुम्हाला उठवू नका म्हणाल्या. मला कळायला क्षणभर लागला. आत्यानं माझे मतदार सहलीला नेले होते.

मी दुसरी रिक्षा करून किनाऱ्यामागून किनारा पालथा घातला. एका ठिकाणी शहाळेवाला म्हणाला, आत्ताच गेले, बूढे बाबूजी खूप हसत होते. अण्णा हसताना मी लग्नातही पाहिले नव्हते. हरलो हे मला तिथंच कळलं.

चहाच्या वेळेला तिघंही बरोबर हजर झाले. अण्णांच्या डोक्यावर नारळाच्या झावळीची टोपी होती. मी त्यांनाच आधी विचारलं.

"नील," अण्णा म्हणाले. "तिकडच्या खानावळीत चूल वापरू देतात. आत्याबाईंनी धायरीहून भाजणी आणलेली आहे. गेले तीन दिवस मी ब्रेडवर आहे, जावईबापू."

"ही लाच आहे."

"आहेच. मी ती विचारपूर्वक घेतली आहे."

मीनलही नील म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं तर शांतपणे म्हणाली, "मी हॅवलॉकच म्हणणार होते. पण तू मला विचारलंच नाहीस, धरूनच चाललास. आत्यांनी विचारलं."

मग मी आत्याला घेऊन बाहेरच्या पायरीवर बसलो. काळजीचं बोलायला सुरुवात केली तर तिनं मध्येच थांबवलं. "डागदर तुला काय बोलला ते मी दारामागनं ऐकलंय. मंग काय म्हणतोस, मरायचं तर वळखीच्या हाटेलात मर?"

ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "जल्मात पयल्यांदा माझं मत कुणी मागितलं, दत्ता. मागितलंस तर आता घे की."

सकाळच्या बोटीनं निघालो. आत्या सर्वांत पुढं, पदर खोचून, पिशवीत भाजणी. बोट हलली, मी तिचा हात धरला, आणि उलटी मला झाली. तिनं मला लिंबू हुंगायला दिलं आणि अण्णांना सांगितलं की पोरगं शिकलेलं हाय, पोट नाजूक असतं.

नील बेटाच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा समुद्र नव्हता. ओहोटी होती. लांबपर्यंत काळे खडक, शेवाळ, डबकी, आणि त्यात काळ्या काकड्यांसारखे पडलेले कसले तरी जीव. हॅवलॉकच्या पांढऱ्या वाळूपुढं हे म्हणजे खडी पसरलेला रस्ताच. अण्णांनी डोळ्यांवर हात धरून लांबवर पाहिलं.

"समुद्र दिसत नाही," अण्णा अखेर म्हणाले.

"येईल की," आत्या म्हणाली. "कुठं जातोय."

तिनं खुर्ची मागवली आणि समुद्राची वाट पाहत बसली. मधेच उठून खानावळीत थालीपिठं लावली. अण्णांनी पहिलं खाल्लं आणि त्यांना खोकला आला नाही. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, आत्या, खरं सांग, आवडलं का. ती खडकांकडे बघत राहिली. "हॅवलॉक बरं व्हतं," ती कुजबुजली. "पण पाव्हण्यांना सांगू नगंस." दुपार कलल्यावर पाणी आलं, खडक झाकले गेले आणि आत्यानं सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू तिनंच मोटार चालू करून पाणी सोडलं होतं.

धायरीत परतल्यावर नील बेट दिवसेंदिवस सुंदर होत गेलं. दिवाळीपर्यंत तिथली वाळू सोन्याची झाली होती. हॅवलॉक बघून आलेल्या बायकांना ती सहानुभूतीनं म्हणायची, "असूं दे, तेबी बरं हाय." अण्णा समोर असले तर मान डोलवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात आत्या गेली. दुपारी झोपली ती उठली नाही. दवाखाना घरापासून हाकेच्या अंतरावर होता.

बापानं, नवऱ्यानं, भावानं, पुढाऱ्यांनी आणि शेवटी मी, आम्ही नेलं तिथं ती आयुष्यभर गेली. नील बेटावर मात्र आम्हाला तिनं नेलं.