मामा कोणाचे

जो माणूस आपल्या कामाचा मोबदला घेत नाही, त्याला मी आधी पाणी देते आणि मग घरातली भांडी मोजते. माझा स्वभावच तसा. आमच्या कोकणात पायवाटेवरून सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. तिथे वाढलेल्या मुलीने भोळं कसं राहावं?

पिंपरीला नवे कारखाने येत होते ती पन्नास सालानंतरची वर्षं. यांना त्यातल्याच एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही चिंचवडला एका खोलीत भाड्याने राहायला लागलो. घरमालकीण एका हंड्यामागे दहा वाक्यं ऐकवायची. त्यात तिच्या मुलाचं लग्न ठरलं आणि तिने आम्हाला खोली सोडायला सांगितलं. यांच्या डोक्यात मग एकच: दोन गुंठे जागा, त्यावर दोन खोल्या, आणि कोणाचं ऐकून घेणं नको. माझ्याही डोक्यात तेच होतं, पण मी ते बोलून दाखवत नव्हते. गरज दिसली की समोरचा चढून बसतो.

यांच्या एका सोबत्याने मामांना आणलं. मामा निघोज्याचे. पांढरा पटका, खांद्यावर उपरणं, बोलणं गुळासारखं. उभं आयुष्य त्यांनी चाकणच्या बाजारात बैलांची दलाली केली होती. कारखाने आले, लोक जागा विचारू लागले, तसे ते बैल सोडून जमिनीकडे वळले. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. ते तर एक पाऊल पुढेच गेले. चहाचा कप हातात घेत मला म्हणाले, "तू माझी भाची. भाचीकडनं दलाली घेतली तर देव मला बैलाच्या जन्माला घालंल."

हे खूश झाले. मी मात्र रात्रभर तळमळले. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, हे तर जगाला ठाऊक आहे. आमची पोळी हा माणूस खात नव्हता. मग तो टाळी कोणाची वाजवत होता?

"तुला देव भेटला तरी तू त्याला वळवून त्याची पाठ बघशील," हे म्हणाले.

"बघीन. पुढून सगळेच बरे दिसतात."

जागा चांगली होती, ते मी नाकारत नाही. रस्त्याच्या कडेला मालकाचं घर, त्याच्या मागे त्याचं ज्वारीचं शेत, आणि शेताच्या टोकाला आमचे दोन गुंठे. कडेला लिंबाचं झाड. मालक तिशीचा, कमी बोलणारा शेतकरी होता, आणि त्याची म्हातारी आई दारातून आमच्याकडे बघत असायची. मामा दर वेळी आम्हाला बांधावरून न्यायचे. ते पुढे, हे मधे, मी पदर सावरत मागे. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, "मामा, ही वाट कोणाची?"

"आपलीच हाय की. जावा-या खुशाल."

हे पुढे चालू लागले. मी तिथेच उभी राहिले. आपली म्हणजे कोणाची? मराठीत या एका शब्दात सगळं गाव मावतं. त्या दिवसापासून मी मामांच्या बोलण्याकडे कान लावून बसायला लागले. आमच्या खोलीत बसले की म्हणत, "आपल्याला येवढा भाव परवडत न्हाई." मालकाच्या ओसरीवर गेले की मालकाला म्हणत, "आपुन जागा सस्त्यात सोडायची न्हाई." दोन्हीकडे आपण. अशा माणसाचं ताट कुठे वाढलेलं असतं, ते त्याच्या घरच्यांनाच माहीत.

भाव ठरला तोही बैलबाजारासारखा. ओसरीवर मामांनी उपरण्याखाली मालकाचा हात धरला, काही बोटं दाबली. मग त्याच उपरण्याखाली यांचा हात धरला. दोघांनी माना हलवल्या. मला कोणी काही सांगेना. मी चिडून म्हटलं, "बैलाला बोलता येत नाही म्हणून तिथे असं करतात. आम्हाला तोंडं आहेत." मालकाची आई दारात उभी होती, ती पदर तोंडाला लावून हसली. भाव मोठ्याने सांगितला गेला आणि तो वाजवीच निघाला. हे माझ्याकडे बघून, झालं का समाधान, अशा नजरेने हसले. झालं नव्हतं. भाव वाजवी असला की खोट दुसरीकडे कुठेतरी असते.

कागद करायचा दिवस आला. गावातले एक मास्तर दौत-टाक घेऊन ओसरीवर बसले. चतुःसीमा लिहून झाल्या. सही करायला हे पुढे झाले तेव्हा मी म्हटलं, "मास्तर, एक राहिलं. बांधावरची वाट आमच्या येण्याजाण्याला कायमची, असं लिहा. मामा म्हणालेच आहेत, आपली आहे."

मास्तरांनी मामांकडे पाहिलं. मामा एकदम बोलून गेले, "वाट कशी लिवून देनार? आमी आमचं रान तोडून वाट दिली तर आमाला काय ऱ्हातं?"

आमी. आमचं. आमाला. एका दमात तीनदा.

"आमी म्हणजे कोण, मामा?" मी विचारलं.

मामांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मालक जमिनीकडे बघत राहिला. नेमकी तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन बाहेर आली आणि पहिला कप मामांसमोर ठेवत म्हणाली, "दादा, घे. साखर कमी टाकलीया तुला."

ती मामांची सख्खी बहीण होती. मालक त्यांचा खरा भाचा. तो त्यांना मामा म्हणायचा, आम्हीही मामा म्हणायचो, आणि इतके दिवस आम्हाला वाटत होतं की तो आमच्यासारखंच म्हणतोय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाट लिहिली नसती तर घर बांधून झाल्यावर एक दिवस बांधावर काटे पडले असते, आणि मग वाटेसाठी पुन्हा याच उपरण्याखाली हात द्यावा लागला असता.

"आम्हाला मामा बनवलंत," मी म्हटलं. "आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुमी मामा म्हनलात, मी व्हय म्हनलो," ते शांतपणे म्हणाले. "कुनाचा, ते इचारलं व्हतं का?"

मी आणखीच चिडले. उभी राहिले. माझ्यामागे हे उठतील असं मला वाटलं नव्हतं, कारण लिंबाखाली खाट कुठे टाकायची इथपर्यंत यांचं ठरलेलं होतं. पण हे उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "वाट नसेल तर जागा नको." लग्नानंतर इतका आनंद मला कधी झाला नव्हता, आणि त्याच क्षणी घर हातचं गेलं याचं वाईटही वाटलं.

आम्ही पायरी उतरलो तशी म्हातारी मुलाला म्हणाली, "वाट न्हाई दिली तर त्येंचं बाळंतीन बाईमानूस कुठनं यायचं? मढं कुठनं जायाचं? लिव म्हनावं मास्तरला."

मालकाने मान हलवली. मामांनी कपातला चहा बशीत ओतला. मास्तरांनी वाट लिहिली. मी ती ओळ मोठ्याने वाचायला लावली, दोनदा.

त्यानंतर मामांशी व्यवहार सोपा झाला, हे खरं. मालकाच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं का, म्हणून मी विचारलं, तर सरळ म्हणाले, "आमच्या भाच्याची हीर, मी वाईट कशाला सांगू? तुमीच चैतात यिऊन बघा." समोर बसलेल्या माणसाला काय विचारायचं ते कळतं. आपला म्हणून शेजारी बसलेल्याचं कळत नाही.

घराची वास्तुशांत झाली तेव्हा त्यांनाही बोलावणं होतं. सगळे आले, मामा दिसेनात. मी बाहेर येऊन पाहिलं तर बांधाच्या पलीकडच्या टोकाला, रस्त्यावर, नारळ हातात घेऊन उभे.

"यिऊ का?" त्यांनी तिथूनच हाळी दिली. "वाट तुमची हाय."

मला हसू आलं. "या की मामा," मी ओरडले, "आपलीच आहे!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाटेकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. पाऊल काही पुढे टाकेनात.