गुडघे दाखवायला अकोल्याला

आमच्या घरात बाजूला बसायची पद्धत अजून आहे आणि ती मला अजिबात पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारे म्हणतील, बाई चार पुस्तकं शिकलेली दिसते आणि तरी पाळीच्या दिवसांत पडवीत बसते. बसते. भांडून बसते. लग्न होऊन वलगावला आले त्या महिन्यापासून सासूबाईंशी माझा यावर वाद सुरू आहे, आणि दर महिन्याला तीन दिवस मी पडवीतूनच, हातात चहाचा गिलास घेऊन, तो घालत असते. खोटं कशाला बोलू, त्या तीन दिवसांत स्वयंपाक त्या करतात. त्यामुळे माझ्या भांडणात म्हणावा तसा जोर नसतो.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. बाई तोंडाने फटकळ. बाजारात गिऱ्हाईकाने सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीचा भाव पाडून मागितला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतील. पण स्वतःच्या दुखण्याविषयी तोंडातून अक्षर निघायचं नाही. एकदा वावरात विंचू चावला, तर ते सगळ्यांची जेवणं झाल्यावर सांगितलं. वर म्हणाल्या, "वरण थंडं झालं असतं न!"

त्यांची पाळी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. दोन वर्षांमागची गोष्ट. सकाळी झाडू घेऊन बाहेर आले, तर आत्याबाई पडवीत सतरंजी टाकून बसलेल्या.

"मले हात नोको लावू."

"काहून?"

"काहून म्हंजे? बाजूले बसली मी."

मला इतकं हसू आलं की हातातला झाडू गळून पडला. शेजारीण भिंतीवरून डोकावली आणि ओरडली, "बाप्पा! बुडी जवान होऊन राहिली वं!" सगळी गल्ली हसली. आत्याबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. मी तर त्या तीन दिवसांत हौस फेडून घेतली. त्यांच्या गिलासात वरून चहा ओतला, "तिकडंच थांबा, स्वयंपाकघरात यायचं नाही" म्हणून दम दिला. इतक्या वर्षांची उधारी वसूल केल्यासारखं वाटलं मला.

पुढच्या महिन्यात त्या परत बसल्या. त्यानंतर पंधराच दिवसांनी पुन्हा. मी विचारलं, "आत्याबाई, पाळणा आणून ठेवू का?" त्या "चूप बस वं" म्हणाल्या आणि परत हसल्या.

असे तीनेक महिने होत आले, तेवढ्यात गावच्या आरोग्य केंद्रात तिशी ओलांडलेल्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी निघाली. कॅन्सर व्हायच्या आधीच तो सापडतो म्हणे. केंद्राची आशाताई दोनदा बोलवायला आली, दोनदा मी तिला कटवलं. एकदा मेथी काढायची होती, एकदा अडचण आली म्हणून सांगितलं, जी आलेली नव्हती. तिसऱ्यांदा ती आमच्या खाटेवर ठाण मांडून बसली आणि म्हणाली, "तुमी उठल्याशिवाय मी उठत नाही." गेले बापडी.

सिस्टरने टेबलावर झोपवलं, पाय वर घ्यायला लावले. बॅटरीचा उजेड, कापसाच्या बोळ्याने औषध लावलं, त्याला चक्क चायनीजच्या गाडीवरच्या सिरक्याचा वास. "एक मिनिट थांबायचं. पांढरा डाग दिसला तर पुढची तपासणी, नाही तर घरी." मी डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा झालंही होतं आणि डागही नव्हता. एवढ्यासाठी मी दोनदा खोटं बोलले होते!

जिवातला जीव आला की माझी जीभ सुटते. सिस्टर फॉर्म भरता भरता पाळीचं विचारत होती. मी म्हटलं, "माझी ठीक आहे हो, गंमत आमच्या सासूबाईंची. बंद झालेली परत सुरू झाली!" आणि खो खो हसले.

सिस्टर हसली नाही. तिने पेन खाली ठेवला.

"किती दिवस झाले?"

"तीनेक महिने."

"ताई, पाळी वर्षभर बंद राहिली की संपली. ती परत येत नसते. नंतर रक्त जात असेल तर त्याला काहीतरी कारण असतं. साधंही असतं, कॅन्सरही असू शकतो. त्यांना लवकर दाखवा."

मी तडक घर गाठलं. आणि माझा स्वभाव असा की भीती वाटली की मी चिडते. आल्या आल्या त्यांच्यावरच ओरडले, "उद्या दवाखान्यात चालायचं!" सिस्टर जे म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं, कॅन्सरचं नावही घेतलं. त्या सांबार निवडत होत्या, निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "गावच्या दवाखान्यात नाही येत मी. सारं गाव असते तथी."

"मग अमरावतीला जाऊ."

"अमरावतीच्या बाजारात अर्धा जन्म भाजी विकली मी. सारेच ओळखतेत."

"मग जायचं तरी कुठं? काशीला?"

दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तोडगा काढला. "अकोल्याले जाऊ. तथी आपल्याले कुत्रं ओळखत नाही. आन् घरी सांगजो, गुडघे दाखवाले चाललो." गुडघे! दिवसभर उकिडवं बसून निंदण करणाऱ्या बाईचे गुडघे माझ्यापेक्षा ठणठणीत. पण माझ्या नवऱ्याने विश्वास ठेवला, आणि शेजारणीने तर मालिशीचं तेल आणून दिलं.

एसटीत आत्याबाईंनी शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून दिली, कोणाला शिवायला नको म्हणून. बडनेऱ्याला एक पागोटेवाले आजोबा चढले, त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खुशाल बसले. मी मागच्या सीटवर होते, आत्याबाई वळून माझ्या कानात म्हणाल्या, "घ्या! सारी यष्टी बाटली." मग अकोल्यापर्यंत त्या खिडकीतून लोकांच्या तुरीला नावं ठेवत गेल्या. मला मात्र मुर्तिजापूरला घेतलेलं भजं गिळवेना. ही बाई नसली तर मी भांडू कोणाशी, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दवाखान्यात स्त्रियांच्या विभागाबाहेर लांब बाकडं होतं. आत्याबाई टेकल्या, मान वळवली, आणि तशाच थिजल्या. शेजारी पदर कपाळापर्यंत ओढून त्यांची सख्खी विहीण बसलेली. माझ्या नणंदेची सासू! मुर्तिजापूरकडची बाई, तीसुद्धा कुत्रं ओळखू नये म्हणूनच अकोल्याला आलेली.

"इहीनबाई! तुमी?"

"मी... डोये दाखवाले आली. आन् तुमी?"

"गुडघे."

दोघींच्या डोक्यावर हातभर अक्षरांत 'स्त्रीरोग विभाग' लिहिलं होतं. मी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि ओठ दातात धरून बसले. दोघी तुरीचं बोलल्या, पाण्याचं बोलल्या, नातवाच्या दाताचं बोलल्या. तेवढ्यात आतून सिस्टरने हाक मारली, "गर्भाशयाच्या तपासणीवाल्या कोण आहेत? या चला!"

दोघीही उठेनात. सिस्टर बाहेर आली, कागद वाचून नावानिशी दोघींकडे बोट दाखवलं. आता लपणार कुठं? विहीणबाईंनी पदर मागे सारला आणि फस्सकन हसल्या. पण आत कोण जाणार? आत्याबाई म्हणाल्या, "तुमी जा पहिले. तुमी पोराकडचे, तुमचा मान."

"नाही बाप्पा, वयानं तुमी मोठ्या."

"लग्नात पंगतीले तुमी पहिले बसले होते न? मंग येथीबी तुमीच."

सिस्टर कडाडली, "मानपान मांडवात करा! इथं नंबर आहे!"

शेवटी विहीणबाई वरपक्षाला शोभेल अशा ताठ मानेने आत गेल्या. पाच मिनिटांत बाहेर येऊन पदर झटकत म्हणाल्या, "काही नाही वं. दाताच्या डाक्टरनं याच्याहून जास्त रडवलं होतं मले." आता पोराची आई आत जाऊन आल्यावर पोरीच्या आईने मागे हटायचं? आत्याबाई ताडकन उठल्या. मला मात्र दारातूनच म्हणाल्या, "तू चाल संगं." त्यांनी माझा हात धरला. पाळीतल्या बाईने कोणाला शिवायचं नाही म्हणणाऱ्या आत्याबाईंनी, आणि असा धरला की माझ्या बांगड्या रुतल्या.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. तपासायला एक छोटा तुकडा काढून घेतला. विहीणबाईंचा रिपोर्ट चांगला आला. आत्याबाईंचा चांगला आला नाही. कॅन्सर निघाला. पण लहान होता, कुठं पसरला नव्हता. ऑपरेशन करून पिशवी काढली की बहुतेक काम भागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि भागलं. आज सकाळीच आत्याबाईंनी मला वावरातून फोन करून झापलं, भाकरी उशिरा पाठवली म्हणून. दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायला जातात, आता उघडपणे. डोळे आणि गुडघ्यांची गोष्ट विहीणबाईंनी प्रत्येक लग्नात सांगून झाली आहे, आणि ती ऐकून हसता हसता आमच्या दोन्हीकडच्या किती बाया तपासून आल्या, त्याचा मी हिशोब सोडून दिला.

एक गोष्ट मात्र विहीणबाईंना माहीत नाही.

ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी दुपारी मी आत्याबाईंच्या खाटेशी बसून त्यांची वेणी घालत होते. डॉक्टरीणबाई नुकत्याच पाहून गेल्या होत्या. "आणखी थांबला असता तर अवघड होतं," असं सहज बोलून गेल्या. मला राहवेना. म्हटलं, "आत्याबाई, तीन महिने मी नुसती हसत होते हो. पाळणा आणू का म्हणाले तुम्हाला." आणि मला रडू फुटलं.

त्या मान न वळवता म्हणाल्या, "मले मालूम होतं थे पाळी नोहे म्हनून."

माझा हात थांबला. "मग बोलल्या का नाहीत?"

"कसं बोलू वं? तोंडातून निघेच ना. म्हनलं, बाजूले बसून पायतो. कोनीतरी इचारन, का बाई, या वयात हे काय." वेणीचं टोक त्यांनी माझ्या हातातून सोडवून घेतलं आणि स्वतःच रिबीन बांधायला लागल्या. "पहिल्यांदा बसली, तुमी सारे हसले. दुसऱ्यांदा बसली, तवाबी हसले. मंग मी बी हसली."