आगाशीच्या थांब्यावरचा पिवळा पट्टा

आगाशीच्या बाजाराजवळ बसथांब्याचं छत करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी त्याला पाच रंग दिले. उजेड आरपार जाईल असे प्लास्टिकचे पत्रे: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. ऊन पडलं की खाली लादीवर रंगांचे पट्टे उमटायचे आणि सूर्य वर चढेल तसे हळूहळू सरकायचे. काम संपल्यावरही मी फुलपाड्याहून सकाळी उगाच तिथे जाऊन बसायची. कुणाची पिशवी हिरवी व्हायची, कुणाच्या कडेवरचं बाळ नारिंगी. काही न बोलता सगळेच पाण्याखाली बसल्यासारखे वाटायचे.

तिथे एक काका रोज भेटत. सत्तरीचे, बागायतदार घरातले, हातात सोनचाफ्याची टोपली. विरारला फुलं द्यायला जायचे. ते कायम दुसऱ्या खांबाशी उभे राहत आणि खाली, स्वतःच्या पायांकडे बघत.

एकदा मी विचारलं, "काका, बसा ना. जागा आहे."

"नको बाय," ते म्हणाले. "पिवळा आला की माझी गाडी येते."

मला कळेना. मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. डोळ्यांपुढे दोन वर्षांपासून धुकं होतं. माणसं सावल्यांसारखी दिसत, गाडीची पाटी तर अजिबात नाही. रंग मात्र कळत. दुसऱ्या खांबाशी उभं राहिलं की पिवळा पट्टा पायांवर येतो, त्यानंतर जी पहिली गाडी ती विरारची. उन्हाळा-हिवाळा ऊन सरकतं तसे तेही वीतभर सरकून उभे राहत.

"घरी माहीत आहे?"

"नाही. कळलं तर बसवून ठेवतील. तू बोलू नकोस."

मी बोलले नाही. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. मी शोभेसाठी केलेल्या गोष्टीवर कुणीतरी आपला दिवस चालवत होतं.

मग एका वाऱ्याच्या दिवशी नारळाची झावळी पडून पिवळा पत्रा फुटला. मला निरोप आला. दुकानात पिवळा नव्हता. माझ्याकडे जांभळा उरलेला होता. लावून बघितला, तर हिरव्याशेजारी इतका सुरेख दिसला की मी तोच ठेवला. त्या क्षणी काका माझ्या मनात आलेच नाहीत.

दोन दिवसांनी मी गेले, तर दुसऱ्या खांबाशी एक बाई उभी होती. छताकडे बघत होती.

"हे तुम्हीच केलंत ना?" तिने विचारलं. ती काकांची सून होती. आदल्या दिवशी काका पिवळ्याची वाट बघत राहिले, मग गोंधळून समोर आली त्या गाडीत चढले आणि वसईला पोचले. दुपारपर्यंत तिथे टोपली घेऊन बसून होते. कुणाला विचारलंसुद्धा नाही. शेवटी ओळखीच्या एकाने घरी आणलं.

"आम्हाला वाटायचं, त्यांना दिसतं," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले. ती निघून गेली.

मुंबईहून पिवळा पत्रा आणून मी त्याच आठवड्यात बसवला, पण दुसऱ्या खांबाशी कुणी नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस तो पट्टा मोकळ्या लादीवरून सरकत गेला. मी चष्मा काढून त्याच्याकडे बघायची. कडा विरघळायच्या, नारिंगी पिवळ्यात उतरायचा, रस्ता आणि माणसं त्यात वाहून जायची. काका रोज यात उभे राहत असतील, असं वाटायचं.

पावसाळा उलटल्यावर ते आले. सून सोबत होती. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, तो काढला होता. दुसऱ्यात फारशी नजर उरली नव्हती. काकांनी मान वर करून छत नीट बघितलं.

"एवढं भडक आहे होय?" ते म्हणाले. "मला मऊ वाटायचं."

सून हसली. मलाही हसू आलं, आणि कुठेतरी लागलंही.

"बदलू का, काका?"

"नको. लोकांना आवडतंय ना?" ते पहिल्यांदाच बाकावर बसले. समोरच्या दुकानांच्या पाट्या एकेक करून मोठ्याने वाचायला लागले: किराणा, चप्पल, दवाखाना, बांगड्या. विरारची गाडी आली. त्यांनी तिचीही पाटी वाचली, आणि ती जाऊ दिली.

"दुसरी येईल," ते सुनेला म्हणाले.

आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो. सुनेच्या हातावर निळा पट्टा होता. काका आता रस्त्यापलीकडची झाडं ओळखत होते.