पहाडावरचा महाप्रसाद

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या झाडीपट्टीत ज्याच्याशी महाप्रसाद बदलला, त्याचं नाव पुन्हा तोंडानं घ्यायचं नसतं; 'महापरसाद' म्हणूनच हाक मारायची. जगन्नाथपुरीहून आणलेली वाळलेल्या भाताची शितं एकमेकांना भरवली, की दोघं सख्खे भाऊ. त्याची आई ती आपली आई, त्याची बहीण ती आपली बहीण. त्या दोन घरांत मग सोयरीक होत नाही.

आणि मला तर सोयरीकच हवी होती.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. मी भंडाऱ्याला आमच्या पितळी भांड्यांच्या दुकानात बसायचो, तो आसगावला धानाची शेती करायचा. शाळेपासूनची दोस्ती; जात एक, कुळं वेगळी. सुट्टी मिळाली की मी एसटीनं त्याच्याकडे जायचो आणि लोक म्हणायचे, काय मित्रप्रेम आहे! निम्मं खरं होतं. त्याची धाकटी बहीण मला आवडायची, आणि मी तिला. आई आत गेली की अंगणात जे दोन शब्द होतील तेवढंच आमचं बोलणं. त्या हिवाळ्यात तिला बघायला पाहुणे येऊ लागले, तेव्हा ती म्हणाली, "दादाले इचारा ना जी. आता नाही इचारलं तं राहूनच जाईन."

घरात, तिच्या बापासमोर बोलायची माझी छाती नव्हती. म्हटलं, त्याच्या गावाजवळच्या पहाडावर जाऊ. धीर यावा म्हणून भंडाऱ्याहून बिअरची एक बाटली घेतली आणि ओल्या दुपट्ट्यात गुंडाळली. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "तूप हाय का जी?" मी म्हटलं, "हाव."

पायथ्याशी सायकली टाकून आम्ही चढू लागलो. सागाच्या वाळल्या पानांचा पायाखाली एवढा आवाज, की बोललेलं ऐकू येईना. मला ते बरंच वाटलं. तो पुढे, काटे बाजूला करत. मी मागे, मनात वाक्यं जुळवत. वर पोचल्यावर विचारू, असं ठरवलं. वर पोचल्यावर ठरवलं, बिअर झाली की विचारू. आयुष्यात इतका भित्रेपणा मी पुन्हा कधी केला नाही.

माथ्यावर काळा खडक होता. खाली कापलेल्या धानाची शेतं आणि उन्हात चमकणारे तलाव. त्यानं खडकाच्या कडेवर आपटून बाटलीचं बूच उडवलं, फेस त्याच्या कोपरापर्यंत गेला. आम्ही दोघंही पहिल्यांदाच पीत होतो.

"कडूच हाय ना बे! याच्यासाठी लोक पैसे देतेत?" तो म्हणाला.

तरी एकेक घोट करत आम्ही ती संपवली आणि उगाचच हसत सुटलो. मग मी म्हटलं, "तुले एक गोष्ट सांगायची हाय."

"थांब. पयले मी."

त्यानं खिशातून एक पुरचुंडी काढली. त्याचे काका पुरीहून आले होते. "तू येतं, पाहुण्यावानी राहतं, जातं. मले बरं नाही वाटत. तुले आता घरचाच करून टाकतो."

मी रिकामी बाटली उचलून दाखवली. "दारू पेलो ना आपण," मी म्हटलं. "अशा तोंडानं पाप लागन."

"देव का तोंडाचा वास घेते?" त्यानं सोबत आणलेल्या पाण्यानं चूळ भरली, मलाही भरायला लावली.

पुढे आलेल्या महाप्रसादाला नाही म्हणता येत नाही. आणि त्या क्षणी बहिणीचा विषय काढला असता, तर त्याला वाटलं असतं, हा इतकी वर्षं तिच्यासाठीच येत होता. त्याचे डोळे भरून आले होते. मी तोंड उघडलं. शितं कडक होती. न चावता गिळली. मग मी त्याला भरवली.

त्यानं मला घट्ट मिठी मारली. "हं, सांग आता, काय म्हणत होता?"

"काही नाही."

उतरताना तो मुद्दाम हाका मारत होता, "महापरसाद हो!" मी ओ देत होतो. पोटातून रडू येत होतं आणि ज्याच्यावर रागवावं असं कोणीच नव्हतं.

दिवेलागणीला पोचलो. ती दारातच होती. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तेवढ्यात तो कुंपणाबाहेरूनच ओरडला, "बाई, महापरसाद बदलला आमी! हा आता तुया भाऊ!"

आईला कोण आनंद झाला. "ओवाळ त्याले," ती म्हणाली. लेकीनं ताट आणलं, कुंकू लावलं, ओवाळलं. मग धाकट्या बहिणीच्या रीतीनं वाकून तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. उठायला तिला वेळ लागला. माझी पावलं ओली झाली होती.

"सुखी राहा, बाई," मी म्हणालो. थोरल्या भावानं म्हणायचं असतं ते.