अंबाडीच्या जुड्या

जपून ठेवलेल्या प्रश्नावलीच्या जुन्या कागदांना अजून सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास येतो आणि मला आष्टीचा आठवडी बाजार आठवतो. समाजशास्त्र घेतलेल्या आम्हा नव्या मुलींना सरांनी पुस्तक उघडण्याआधीच सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढलेली ती प्रश्नावली देऊन तिथे पाठवलं होतं. अंबाडीच्या जुड्या बांधत बसलेल्या एका बाईंना मी विचारलं, "तुम्ही काय काम करता?" "मी काई नाई करत बाई, घरीच राह्यतो," त्या म्हणाल्या, आणि व्यवसायापुढे मी 'काही नाही' लिहून टाकलं. वर्गात सरांनी ते वाचून एवढंच विचारलं, "हे सांगताना त्यांचे हात काय करून राह्यले होते?" माझी मान खाली गेली, कारण प्रवेशाच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढेही मी तेच लिहिलं होतं, आणि फॉर्म भरला त्या दिवशी आई सकाळपासून वावरात तण निंदत होती. तो फॉर्म कॉलेजात अजून असेल का, हा प्रश्न मला आजही पडतो.