खांबावर ठेवलेल्या पावत्या

ती पैसे घेते आणि पावती देत नाही, असं मी लेखी दिलं होतं. ती दर महिन्याला पावती देत होती. मीच ती तिच्या हातातून घेत नव्हतो.

खरं तर एवढ्यातच सगळं सांगून झालं. पण चूक तीन वाक्यांत कबूल केली की ती लहान वाटायला लागते, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सरकारी कचेरीत प्रवासभत्त्याची बिलं तपासतो. पावती नसली की बिल परत, अशी माझी ख्याती आहे. झाशीत सिव्हिल लाइन्सच्या मागच्या बाजूला एका गल्लीत आमचं घर आहे. गल्लीतलं एकुलतं एक मराठी घर. उंबऱ्याच्या आत मराठी, फाटकाबाहेर हिंदी, हे आमच्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडलं आहे.

कचऱ्याच्या गाडीमागून चालत येणारी ती बाई चाळिशीची असेल. अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात पट्ट्याला अडकवलेलं मशीन. ओला आणि सुका कचरा एकत्र दिसला की ती कुणालाही सुनावायची. माझ्या बायकोलाही म्हणायची, "भाभी, छिलका अलग धरो करो. हाथ तो हमें डालने पड़त है." महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती कचरा उचलण्याचे पैसे घ्यायची. रक्कम किरकोळ, दोघांच्या चाटला पुरेल एवढी.

मी नोट फाटकाच्या खांबावर ठेवायचो आणि उडू नये म्हणून वर कौलाचा तुकडा. ती नोट उचलायची, मशीनवर बटणं दाबायची, निघालेली पावती त्याच कौलाच्या तुकड्याखाली ठेवायची आणि "बाबूजी, रसीद" असं म्हणून पुढच्या घरी जायची. हे असं करायचं म्हणून घरात कधी ठरलं नव्हतं. आई होती तेव्हा तसं चालायचं, आई गेल्यावरही तसंच चालू राहिलं. तिची जात आम्हाला ठाऊक होती. कुणी विचारलं असतं तर मी हसून म्हणालो असतो, छे, आम्ही असलं काही पाळत नाही, कचेरीत मी सगळ्यांच्या डब्यातलं खातो.

ती गेल्यावर मी लगेच खांबापाशी जात नसे. चहा व्हायचा, वर्तमानपत्र व्हायचं. तोवर ती गुळगुळीत पावती कौलाखालून निसटून वाऱ्यानं अंगणात पडायची आणि बायको केर काढताना ती सुपलीत भरायची. दुसऱ्या दिवशी ती पावती तिच्याच गाडीत जायची. स्वतःच्या प्रामाणिकपणाचा पुरावा ती बाई दर महिन्याला आमच्या घरून उचलून नेत होती.

मग एकदा महापालिकेकडून कचऱ्याचं छापील बिल आलं. मी ते जेवणाच्या टेबलावर, चष्मा लावून, पेन घेऊन वाचलं. महिन्यांचा तक्ता होता आणि शेवटच्या आठ महिन्यांपुढे 'शेष' असं छापलेलं होतं. खाली जाड अक्षरात एकूण रक्कम. आठही महिन्यांचे पैसे मी दिले होते, हे मला पक्कं आठवत होतं. ज्याचं पाकीट नुकतंच मारलं गेलं आहे, असा माणूस वाचेल तसं मी ते बिल वाचलं. वर 'पिछला बकाया', म्हणजे मागची थकबाकी, अशी एक ओळ होती, ती सोडून दिली. कागद उलटून मागची बाजू पाहिली नाही. माझ्या हाताखालच्या कारकुनानं असं केलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

बायको म्हणाली, "अहो, आधी तिला विचारून तर बघा."

"विचारतोच आता," मी म्हणालो.

सकाळी गाडी आली तेव्हा मी बिल हातात घेऊन फाटकात उभा होतो. "इधर आ," मी ओरडलो. "आठ महीने का पैसा कहाँ गया?"

"काय बाबूजी, का हो गओ?"

"पैसा लिया, जमा नहीं किया. रसीद कहाँ है?"

"रसीद तो हम हर महीना धर देत हैं. एई खंबा पे."

"एक भी दिखा."

"बाबूजी, रसीद तो तुमाए लाने आय. हमाए पास काय रैहै?"

पावती तुमच्यासाठी असते, ती माझ्याकडे कशाला राहील? किती सरळ उत्तर होतं. पण समोरच्या घरातले निवृत्त गृहस्थ गच्चीवर दात घासत होते. ते वरूनच म्हणाले, "भाईसाहब, इसका तो अपना ही दफ़्तर चल रहा है! हमने भी आज तक रसीद की शकल नहीं देखी." त्यांच्या फाटकालाही खांब होता, आणि त्यावरही विटेचा तुकडा होता.

शेजारची बाई म्हणाली, "तभी तो नई पायल आई है पैर में."

"पायल तो ब्याह की है, भाभी," ती म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

मी तिला थैली उलटी करायला लावली. पायरीवर नोटा पडल्या, चिल्लर पडली, गोळ्यांचं एक पाकीट पडलं आणि कागदात गुंडाळलेल्या दोन पोळ्या पडल्या. पोळ्यांची पुरचुंडी नोटांवर आली होती. मी कडुलिंबाची काडी उचलली आणि काडीनं ती बाजूला सारली. त्या दिवशीची रक्कम मशीनशी जुळली. मी म्हणालो, "आज का ठीक है. आज तो पकड़ी गई, इसलिए ठीक है." हे वाक्य मला त्या वेळी फार हुशारीचं वाटलं होतं.

संध्याकाळी मी महापालिकेला तक्रार लिहिली. मुद्देसूद, क्रमांक घालून, हिंदीत. उक्त महिलेने आजतागायत एकही पावती दिलेली नाही, अशा अर्थाचं वाक्य लिहिताना माझ्या कानात "बाबूजी, रसीद" ऐकू आलं होतं. नुसतं म्हणणं म्हणजे देणं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं आणि पुढचा मुद्दा लिहिला. गल्लीतल्या नऊ घरांनी सह्या केल्या. कुणी वाचून पाहिली नाही. तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणाले.

चार दिवसांनी कचरा उचलण्याचा ठेका घेतलेल्या ठेकेदाराचा पर्यवेक्षक मोटारसायकलवरून आला. त्यानं तिथेच तिच्या गळ्यातलं मशीन काढून घेतलं आणि जाकीट मागितलं. जाकिटाखाली ब्लाउज खांद्यावर उसवलेला होता. तिनं पदर ओढून घेतला. गच्चीवरच्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, आणि तेवढ्यावरून मी सभ्य माणूस आहे असं मला वाटलं. जाताना ती मला म्हणाली, "बाबूजी, एक बार अपने घर में ढूँढ़ लेते."

पुढच्या आठवड्यात मी बिल दुरुस्त करून घ्यायला महापालिकेच्या कार्यालयात गेलो. टेबलापलीकडे एक तरुण मुलगी होती. तिनं बिलाचा क्रमांक टाकला आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

"अंकल, आपका पैसा तो हर महीने आया है. ये देखिए, तारीख़ के साथ."

"तो फिर ये आठ महीने बाकी कैसे?"

तिनं बिल उलटं केलं आणि मागच्या बाजूच्या एका ओळीवर बोट ठेवलं. आलेले पैसे आधी सर्वांत जुन्या बाकीत वळते होतात, असं तिथे छापलं होतं. गाडी सुरू झाली तेव्हा या बाईच्या आधी एक माणूस पैसे मागायला यायचा. घरपट्टी भरतो तेवढं पुरे, असं सांगून मी त्याला आठ महिने परत पाठवलं होतं. मी विसरलो, बिल विसरलं नाही. या बाईकडे मी दिलेली प्रत्येक नोट त्या जुन्या बाकीच्या खड्ड्यात जात होती, म्हणून चालू महिने रिकामे दिसत होते.

"और रसीद?" मी विचारलं.

"रसीद निकले बिना तो मशीन एंट्री ही नहीं लेती, अंकल."

तिनं सगळ्या नोंदींचा छापील कागद काढून दिला. मी बाकी भरली, कागद घडी करून खिशात घातला आणि घरी आलो. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, जुळला हिशेब. तिनं विचारलं, आणि त्या बाईचं? मी म्हणालो, ते प्रकरण संपलं.

तिला चोर समजत होतो तोवर मी निदान मूर्ख होतो. त्या दुपारनंतर मला तेवढीही सवलत उरली नाही.

गणपतीत झाशीतली आम्ही मोजकी मराठी घरं एकत्र जमतो. आरती झाली, प्रसाद झाला, गप्पा रंगल्या. कुणीतरी कचऱ्याच्या बिलाची गोष्ट काढली आणि मी उभा राहून त्या बाईची नक्कल केली. कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून, बुंदेलीत. "रसीद तो तुमाए लाने आय!" लोक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. एकानं पुन्हा करायला लावली. मी पुन्हा केली.

दोन दिवसांनी बायकोनं कपाटातले धुवायचे कपडे काढले. त्या सदऱ्याच्या खिशात कार्यालयातला कागद तसाच होता. ती तो घेऊन माझ्यासमोर बसली. तिनं तारखा वाचल्या. वरची, कागद छापला त्या दिवशीची तारीखही वाचली.

"ते गुळगुळीत कागद मी केरात टाकत होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, बाहेरून उडून आलेलं काहीतरी असेल."

तिनं कागद माझ्यापुढे सरकवला.

"हे तुम्हाला तीन आठवड्यांपासून माहीत आहे."

"हो."

"मग परवा नक्कल केलीत ती?"

त्यानंतर तिनं चार दिवस माझ्याशी फक्त जेवायला वाढण्यापुरतं बोलणं ठेवलं. तिच्या अबोल्यानं मी हललो, स्वतःहून हललो नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

मी तक्रार मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं, त्यावर कार्यालयाचा शिक्का घेतला, आणि पत्ता विचारत प्रेम नगरच्या पलीकडे एका भंगारवाल्याच्या आवारात पोचलो. ती उन्हात बसून बाटल्या निवडत होती, रंगांप्रमाणे ढीग लावत होती. शेजारी आणखी तीन बायका होत्या. मला पाहून ती उठली नाही.

मी पत्र पुढे केलं. ती म्हणाली, "हमें पढ़बो नईं आत. तुमई पढ़ो."

मी वाचलं. तक्रारदारास असे ज्ञात झाले आहे की नोंदींबाबत गैरसमज झाला होता, सबब तक्रार मागे घेण्यात येत आहे. अशा भाषेत चार ओळी होत्या. शेजारची बाई म्हणाली, "जे का कै रए?"

"कुछ नईं कै रए," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबूजी, ईमें हमाओ नाँव कहाँ है? चोर तो तुमने नाँव लेके बोलो हतो."

खरंच, पत्रात तिचं नाव नव्हतं. तक्रारीत तीन वेळा होतं.

मी पैसे काढले. ते पाहून ती पहिल्यांदा हसली, आणि ते हसू फार वाईट होतं. "अब पइसा हाथ में दैहो?" ती म्हणाली. आता हातात द्याल? मी पैसे परत खिशात ठेवले. मग तिनं सांगितलं ते असं: दुसऱ्या वॉर्डात माणसं घेणार होते, पण पहिल्या ठिकाणाहून का काढलं ते विचारत होते. त्या पर्यवेक्षकाच्या तोंडून 'चोर' गेलं पाहिजे होतं. पत्र नको होतं तिला. जिथे बोललात तिथेच बोला, सगळ्यांसमोर, त्यालाही बोलवा.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या वॉर्डातलं काम तिला मिळालं नाही. पर्यवेक्षक म्हणाला, कळवतो. मी दोनदा विचारायला गेलो, दोन्ही वेळा जागा भरल्या होत्या. ती अजून बाटल्या निवडते.

पण मी बोलावलं त्या रविवारी पर्यवेक्षक आला होता. गाडी गल्लीत शिरली तेव्हा ती तिच्यामागून चालत आली, हात रिकामे, तेल लावून केस चापून बांधलेले. मी फाटकाबाहेर उभा होतो. बायको दारात होती. समोरचे गृहस्थ गच्चीवर होते. ते म्हणाले, "क्या भाईसाहब, फिर पकड़ लिया क्या?"

मी बोलायला सुरुवात केली. आवाज गच्चीपर्यंत पोचत नव्हता.

"ज़ोर से," ती म्हणाली. "ऊपर बारे सोई सुन लें."

मी हिंदीत बोललो, इथे मराठीत लिहितो. मी तिचं पूर्ण नाव घेतलं, आणि मग म्हणालो:

"ही बाई चोर नाही. माझा एक पैसाही हिनं ठेवला नाही. दर महिन्याला पावती दिली. मला ती हिच्या हातून घ्यायची नव्हती, म्हणून ती हरवली, आणि मी खोटं लिहून दिलं. बाकी माझी स्वतःची होती, हिच्या येण्याआधीची. तुम्ही सह्या केल्यात त्या माझ्या शब्दावर केल्यात. मला खरं कळल्यावरही मी गप्प बसलो, आणि वर चार लोकांत हिची टिंगल केली." मग मी तिच्याकडे वळलो. "तुम्ही पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतात. तुमचं काम माझ्यामुळे गेलं. मी तुमची माफी मागतो."